गळ्याची शपथ

अण्णा, परवा मला तुमच्याविषयी एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून डोकं सुन्न झालं आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. मेलेल्या बापावर रागवायचं कसं तेही कळत नाही, म्हणून लिहीत बसले आहे.

तुमचा नातू आता चोवीस वर्षांचा बाप्या झाला. रक्त-लघवी तपासायचा कोर्स त्यानं रोज एसटीनं बीडला जाऊन-येऊन केला, पण कोर्स संपल्यावर घर सोडायचं नाव नाही. पुण्याची नोकरी आली तर म्हणाला, खोली मिळेना. संभाजीनगरची आली तर ताप आला. मी त्याला घरकोंबडा म्हणायचे. चकलांब्याच्या शाळेत मी पहिलीच्या लेकरांना आपापला डबा उघडायला शिकवते आणि घरात हा माझ्या हातच्या ताटाची वाट बघत बसतो, म्हणजे दिव्याखाली अंधारच. शेवटी मीच मनावर घेतलं. त्याचे कपडे धुणं बंद केलं. दळण, लाइट बिल, गॅसचा नंबर लावणं, सगळं त्याच्या गळ्यात घातलं. भाकरी थापायला बसवलं. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला तेव्हा शेजारीण म्हणाली, "बाई, पोराला सून करती का काय?" पण महिन्याभरात त्याची भाकरी टम्म फुगायला लागली. मला वाटलं, झालं, आता पोरगं कुठंही राहील.

आणि नोकरी आली ती अंबाजोगाईची. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. डी.एड.ला तुम्हीच मला तिथं सोडलं होतं. वसतिगृहाच्या फाटकाशी तुम्ही ट्रंक खाली ठेवता. मी तुमच्या सदऱ्याची बाही धरून उभी आहे. तुम्ही माझी बोटं हळूच सोडवता आणि म्हणता, "मी मागं बघणार न्हाई, तूबी बघू नको." आणि खरंच न बघता निघून जाता. पोरीला एवढ्या लांब कावून धाडता, असं सगळी भावकी विचारत होती. तुम्ही कुणाला भीक घातली नाही. मी एकटी जगायला शिकले ती त्या फाटकाशी.

परवा सकाळी मी त्याची बॅग भरायला घेतली, तर तो पिठाच्या हातानं दारात येऊन उभा राहिला.

"आई, मी न्हाई जात."

"कावून? किती दिवस माझ्या पदराला लटकणार हायेस?"

एवढं बोललं की तो मान खाली घालायचा. परवा नाही घातली. म्हणाला, "आजोबांनी गळ्याची शपथ घातलीय."

पोराच्या वडलांच्या तेराव्याला तुम्ही माहेरचा दुखवट्याचा फेटा घेऊन आला होता. तो त्याच्या डोक्याला बांधताना तुम्ही वाकून काही बोललात, ते मी लांबून बघितलं होतं. वाटलं, धीर देताय. त्या दिवशी सगळेच म्हणतात, घर सांभाळ, आईला सांभाळ. पण तुम्ही त्या सतरा वर्षांच्या पोराचा हात आपल्या गळ्याला लावून घेतलात, अण्णा. "मायला एकटी टाकून जायचं न्हाई." आणि वर्षाच्या आत तुम्हीच गेलात. ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायची असते. आता कोण म्हणणार, असं तो मला विचारत होता.

म्हणजे पुण्यात खोली मिळत होती. तापबीप काही आला नव्हता. मी ज्याला आळशी म्हणून टोचत होते, तो माझ्यासाठी बसून होता. लेकीला फाटकाशी सोडून न बघता गेलेला माणूस असं कसं करू शकतो? मला तुमचा संताप आला, आणि तुम्ही माझ्यासाठी एवढे घाबरला होता हे कळून रडूही आलं. अजून दोन्ही थांबलेलं नाही.

काल सकाळी चहा गाळताना मी त्याला सांगितलं, अण्णा स्वप्नात आलते, म्हणाले, पोराला सांग, शपथ सुटली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"अजून काय म्हणले?"

"काय न्हाई. चहा पिऊन गेले."

तो हसला. लई दिवसांनी असा हसला. दुपारच्या गाडीनं गेला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही आला नव्हता. गेल्यापासून एकदाही माझ्या स्वप्नात आला नाहीत. आणि आणखी एक, ते त्याला कधी कळू देणार नाही. तुम्ही घाबरलात ते अगदीच उगीच नव्हतं. काल गाडी गेल्यावर मला घरी जायचा धीर झाला नाही. शाळा सुटून गेली होती, तरी अंधार पडेपर्यंत मी तिथल्या पायरीवर बसून होते.