गुरुवारी देते

२ जून, सकाळ
आजपासून नियम. संध्याकाळी सहा ते सात मशीन बंद. तो तास बटणचा. ह्यांनी ठेवलेलं नाव अजून टिकून आहे, लेक मात्र पहिलीत गेली.
हे होते तेव्हा तो तास त्या दोघांचाच. बसवरची सकाळची पाळी संपवून घरी यायचे, थोडं पडायचे, आणि सहाला पायरीवर तिच्याशी गप्पा मारत बसायचे. मी आत, पुढच्या खोलीतल्या दुकानात, शिवत असायची. हे गेले त्याला वर्ष होत आलं. ती जागा कुणीतरी भरायला हवी. मी खंबीर आहे. जमेल.

२ जून, संध्याकाळ
ऐन सहाला बँकेतल्या बाई पँट घेऊन आल्या. कंबर सैल करायची. नाही कसं म्हणणार? बटण शेजारी चिंध्यांच्या घड्या घालत होती. म्हणजे एकत्रच होतो. आजचा तास धरायला हरकत नाही.

४ जून
वाचनालयातून पुस्तक आणलं, मुलांना वेळ कसा द्यावा याबद्दल. माझी शाळा सातवीतच सुटली, पण पुस्तकांना मी घाबरत नाही. सहाला उघडलं आणि सातला मान वर केली. वेळ किती दिला यापेक्षा कसा दिला ते महत्त्वाचं, असं लिहिलंय. अगदी पटलं. मधे बटण दोनदा येऊन उभी राहिली. म्हटलं, थांब गं, तुझ्यासाठीच वाचतेय.

७ जून
नणंदेचा फोन. वहिनी, पोर फार गप्प झालीय, म्हणे. सुट्टीत माझ्याकडे राहिली, पण खा म्हटलं की खायची, झोप म्हटलं की झोपायची. मी म्हटलं, समजूतदार आहे. तर म्हणते, एवढंसं पोर समजूतदार झालं की मला धडकी भरते. लांबून बोलायला हिचं काय जातं? हिचा मुलगा हिला विचारतो तरी का?

९ जून
उद्या बागेत न्यायचं. नक्की.

१० जून
बागेचं राहिलं. तिला सँडल घातले, मी चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं. पायरीशी आले आणि वाटलं, इस्त्री चालू राहिली असेल. आत जाऊन पाहिलं तर बंद होती. आत आलेच होते तर म्हटलं एक कॉलर उरकून घेऊ. थोड्या वेळाने बघते तर बटणने सँडल काढून जागेवर ठेवलेले. मुलीला शिस्त आहे.

१२ जून
शेजारचे लॉन्ड्रीवाले काका हसत आले. बटणने त्यांच्या कट्ट्यावर खोटं खोटं शिवणाचं दुकान मांडलंय. काकांनी रुमाल शिवायला दिला, तर तिने वरही न बघता सांगितलं, गुरुवारी देते. काका म्हणाले, ताई, तुमचीच पोरगी, पावती दाखवायला नको!
आता, मी सगळ्यांना गुरुवारच सांगते हे खरं. कुठलाही वार असो. माणूस शुक्रवारी येतो, कपडे शनिवारी मिळतात. शिवणकामात असं चालतंच. पण एवढ्यात धंद्याची अक्कल आली, याचं कौतुक वाटलं.

१५ जून
युक्ती सापडली. नुसतं बसून राहण्यापेक्षा हातून काहीतरी व्हावं. शाळेत वर्गाचा फोटो आहे. रोज सहा ते सात फक्त तिचा फ्रॉक शिवायचा. मऊ सुती कापड, छोटी पिवळी फुलं. माप घ्यायला तिला बोलावणार नाही, गंमत जाईल. आणि लेकीचं माप आईला तोंडपाठ असतं.

१९ जून
तास एकदाही चुकला नाही. दार लावून बसते. बटण बाहेरून विचारते, येऊ का? म्हटलं, नको, गंमत आहे. कधी संपेल? म्हटलं, गुरुवारी.
पुस्तक परत केलं. आता गरज नाही.

२४ जून
फ्रॉक खांद्यातच अडकला. ओढून खाली आणला तर पाठीची हुकं लागेनात. बटण श्वास रोखून उभी. म्हणाली, छान आहे आई. काढू का?
माप गेल्या वर्षीचं. तिला स्टुलावर उभी केली होती आणि हे तिचे खांदे धरून म्हणत होते, हलू नकोस, टाचणी टोचेल.
कापड आटलं असेल. सुती कापडाचा भरवसा नाही.

२५ जून, गुरुवार
फोटोला गणवेश घालून गेली.
संध्याकाळी दुकानात बँकेतल्या बाई. त्यांच्यामागे आणखी कुणीतरी. मी मान खाली घालून फ्रॉकचे टाके उसवत होते. गिऱ्हाइकं कपडे ठेवतात त्या फळीवर कापड पडलं. ताई, हे लहान करून द्या. मी म्हटलं, गुरुवारी देते.
तर उत्तर आलं, आज गुरुवारच आहे.
बघितलं तर बटण. हनुवटी फळीला लागते तिची, हे मला माहीत नव्हतं. फळीवर ह्यांचा ड्युटीचा निळा शर्ट. कपाटातल्या खालच्या कप्प्यातला. वर्षभर मी तो कप्पा उघडला नव्हता.
बँकेतल्या बाई हळूच म्हणाल्या, माझं राहू दे, आणि गेल्या.
विचारलं, हा कशाला लहान करायचा? म्हणाली, मला घालून पायरीवर बसायचंय.
कात्री उचलली, पण चालवली नाही. शर्ट तसाच तिच्या अंगात घातला, बाह्या दुमडल्या. मशीनवर झाकण घातलं. पायरीवर बसलो.
तिलाच विचारलं, बाबा काय काय बोलायचे गं?
म्हणाली, बाबा कुठे बोलायचे? मीच बोलायचे. ते नुसते ऐकायचे.
मशीनच्या आवाजात मला हे कधी कळलंच नाही.
मग ती काही बोलेल म्हणून वाट पाहिली. ती बाहीच्या टोकाशी चाळा करत बसली.
सात वाजले. उठलो नाही.