आयता चषक

टॉर्की, जुलै १९०७

प्रिय विनी,

सामना संपवून तू आत्याकडे मुक्कामाला गेलीस, तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. गतविजेतीने शेवटच्या सामन्यापर्यंत नुसतं बघत बसायचं, हा टेनिसचा नियम ज्याने केला त्याला एकदा माझ्या जागी बसवायला हवं! आठवडाभर तुम्ही सगळ्याजणी गवतावर धावलात, घसरलात, आणि मी मंडपात टोपी सांभाळत काकडीची सँडविचं खात होते. वर मिसेस ट्रेमलेट कानाशी लागून म्हणतात, “तुमची बाई मजा आहे, घाम न गाळता अंतिम सामना!”

आज मिस पेंगेलीविरुद्ध तू झग्याचा घोळ आवरत जाळीपाशी धावलीस आणि चेंडू असा टाकलास, की तो गवतावरून उठलाच नाही. तू जिंकलीस, मी जोरात टाळ्या वाजवल्या आणि त्याच क्षणी कळलं, उद्या अंतिम सामन्यात माझ्यासमोर तूच असणार. तो फटका मला परतवता येणार नाही. माझा चेहरा बघून आईला वाटलं, मला ऊन बाधलं.

चहाच्या वेळी बाबा मात्र खुशीत होते. “विनी माघार घेणार. बहिणी-बहिणी कधी चारचौघांत झुंजतात का? चषक सलग तिसऱ्यांदा हेस्टरचा झाला, की कायमचा तिचाच!” आईने री ओढली, “सप्टेंबरात हिचं लग्न. जावईबापू पडले पाद्री, ते काय हिला पुढे खेळू देणारेत! जाताना एवढं तरी नेऊ दे बिचारीला.” मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात कॅरू बहिणींपैकी धाकटीने अशीच माघार घेतली, तर सगळं गाव ‘काय हे प्रेम!’ म्हणत डोळे पुसत होतं. तू कबूल झालीस, हेही मला आईकडूनच कळलं. मला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तू हे माझ्या मायेपोटी करते आहेस, ते कळतं गं मला. तरी संताप होतोय. लग्नानंतर मी चर्चच्या बायकांना चहा ओतत बसणार, आणि एकही चेंडू न मारता मिळालेला चषक आठवड्याला घासूनपुसून ठेवणार? त्यापेक्षा तुझ्याकडून सपाटून मार खाल्लेला परवडला. उद्याचा माझा शेवटचा सामना आहे, विनी, आणि तोच तू काढून घेते आहेस. क्लबच्या सेक्रेटरींना कळवलं असशील, तर सकाळी जाऊन सांग, विचार बदलला म्हणून. बाबांचं मी बघून घेते. उद्या दोन वाजता मैदानावर ये, आणि जिंकायलाच ये.

तुझीच,
हेस्टर