भिंगरीची झोप

दि. २ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून तू मालवाहू विमानांवर जाणार आणि अठ्ठावीस तारखेचं उड्डाण हे माणसं घेऊन करायचं तुझं शेवटचं, हे वाचून मी दुकानाला अर्धा दिवस कुलूप लावलं. तू शिकायला गेलीस तेव्हा म्हणालो होतो, की पहिल्यांदा बसेन तर बहिणीच्याच विमानात. त्यानंतर वीस वर्षं काही ना काही आडवं येत गेलं. आता तुझ्या विमानात खोकीच भरणार म्हटल्यावर पळवाट संपली. येतो. तुझी वहिनीही येते.

मी काही अर्धवट करत नाही, हे तुला ठाऊक आहे. शिलाई मशीन दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. एक उघडलं, तीन दिवस नुसतं बघितलं, मग जोडलं. विमानाचंही तसंच. वाचनालयातून दोन पुस्तकं आणली आणि पंखाच्या आडव्या छेदाचं चित्र काढून दुकानात लावलं. गिऱ्हाइकांना वाटतं मी आता विमानंही घेतो दुरुस्तीला. वाटू दे.

काळजी एकच. चौदा तास तू त्या खुर्चीत ताठ बसणार. पाठीला उशी घे. मी मागे जागाच असेन. विमान तुझ्या हातात आहे एवढं माहीत असलं की मला बास. दुसऱ्याच्या हातात मी माझा स्क्रूड्रायव्हरसुद्धा देत नाही.

वहिनी म्हणते, एवढं लिहिण्यापेक्षा फोन करा. पण तुझी सकाळ असते तेव्हा आमची जांभई असते. पत्रच बरं.

लोभ आहेच, तो कमी व्हायचा नाही. उशीचं बघ.

तुझा,
दादा


दि. ९ मार्च, हॉटेलातून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू येतोयस हे वाचून मी गादीवर उडी मारली. कॅप्टनबाईंना शोभत नाही, पण बघायला कोण होतं!

खोली नेहमीचीच. पडद्यांच्या फटीतून ऊन आत घुसतं, ती फट हँगरच्या चिमट्यांनी बंद केली. टीव्हीच्या लाल दिव्यावर मोजा चढवला. दाराला ‘त्रास देऊ नये’ची पाटी लावली, तर साफसफाईच्या बाई दार ठोठावून विचारून गेल्या की कुणी त्रास तर देत नाही ना. मी दुपारी नाश्ता करते, सकाळी जेवते, आणि माझं पोट माझ्यामागून दोन दिवसांनी येऊन पोचतं. परवा उठल्यावर बाथरूम म्हणून कपाटात शिरले. मागच्या गावातल्या खोलीत बाथरूम त्या बाजूला होतं.

आता एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तू मागाहून माझं डोकं खाशील. चौदा तास कुणी एकटं विमान चालवत नाही. आम्ही चौघं असतो. दोघं पुढे बसतात, दोघं विश्रांती घेतात. पुढच्या भागात छताला माळ्यासारखी जागा आहे, तिथे दोन बिछाने असतात. उड्डाण माझं, उतरवणं माझं. मधले साडेपाच तास मी वर झोपलेली असेन.

वहिनीला सांग, खिडकीची जागा तिची.

माया अशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी


दि. १४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद (अनेक नव्हेत, मोजकेच).

पत्र दोनदा वाचलं. साडेपाच तास! एवढ्या वेळात मी तीन मशीनं खोलून, पुसून, तेल घालून परत जोडतो. आणि तेवढा वेळ आमचा जीव ज्यांचं नावगाव मला माहीत नाही अशा दोघांच्या हातात? मी बहिणीच्या विमानात बसायला निघालो होतो, बहीण ज्यात झोपते त्या विमानात नव्हे. दोन्ही पुस्तकांत या माळ्याचा उल्लेख नाही. तशी लेखी तक्रार मी वाचनालयात दिली आहे.

माझं रद्द समज. वहिनी येईल. तिने बॅग भरलीच आहे.

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. बॅग यांनी स्वतःची चारदा भरली आणि पाचदा रिकामी केली, ते कसं जमलं देव जाणे. घाबरलेत गं. विचारलंस तर कानावर हात ठेवतील. पण दुकानातला तो पंख अजून काढलेला नाही. – वहिनी


दि. १९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या रागाला उत्तर देत नाही. चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट लिहिते. ती मी घरी कधी बोलले नाही.

त्या दिवशी माझी झोपायची पाळी होती आणि मी गेले नाही. मला वाटलं, माझ्यासारखं कुणाला जमणार? हे कुणाकडून घेतलं ते तूच ओळख. उतरायच्या वेळी खालून नियंत्रण कक्षाने उंचीचा आकडा सांगितला. तो आपण परत म्हणून दाखवायचा असतो, मी चुकीचा म्हटला. पुन्हा सांगितला, पुन्हा चुकले. शेजारी माझ्याहून बारा वर्षांनी लहान सहवैमानिक होता. त्याने अगदी हळू आवाजात आकडा दुरुस्त केला आणि विचारलं, की मी घेऊ का. मी दिलं. आमच्यात ते तोंडाने म्हणावं लागतं, ‘तुझ्याकडे’ आणि ‘माझ्याकडे’, म्हणजे मधल्या मधे कुणाकडेच नाही असं होत नाही. विमान त्याने उतरवलं. मी हातांची घडी घालून बसले.

तेव्हापासून मी झोपते ते काम म्हणून झोपते. घाबरायचंच असेल तर मी जागी राहिले तर घाबर.

तुझी जागा अजून तुझ्या नावावर आहे, ३१ क. नाही आलास तर रागावणार नाही. हिरमुसेन मात्र.

आहे तशी तुझी,
भिंगरी


दि. २८ मार्च, विमानातून, खुर्ची ३१ क

चि. भिंगरीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

उड्डाण व्यवस्थित झालं. मी डोळे मिटले होते, तरी कळलं.

इथल्या बाईंना बजावून ठेवलं होतं, की कॅप्टन झोपायला गेल्या की मला सांगा. त्यांनी येऊन सांगितलं, आणि मी वही काढली. समोरच्या पडद्यावर उंची दिसते. दर दहा मिनिटांनी वहीत टिपली. तासाभरात आकडा हलला नाही. पुढे जो कोण बसलाय त्याचा हात चांगला आहे. हे मी लेखी देतो.

मग विमान हादरायला लागलं. वहिनी खुशाल घोरत होती. बाई वाकून म्हणाल्या, काका, काही निरोप पोचवू का? ‘तिला उठवा’ हे दोन शब्द चौदा तारखेपासून माझ्या तोंडात तयार होते. म्हणालो, नको, झोपू द्या तिला.

त्यानंतर जरा कामात होतो. खाण्याच्या गाडीचं मागचं चाक कोरडं पडून किंचाळत होतं. बाईंकडून सॅलडवरचं तेल मागून घेतलं, दोन थेंबांत काम झालं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मोठमोठ्याने हसत होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हटलं, आवाज कमी, कॅप्टन झोपल्या आहेत. गृहस्थ पांढरेफटक! मग त्यांच्याजवळ बसलो आणि चौघं, माळा, तुझ्याकडे, माझ्याकडे, सगळं समजावलं. ते मला विचारत होते की तुम्ही किती वर्षं विमानात आहात.

आत्ता सगळीकडे सामसूम आहे. तुझे अजून दोन तास दहा मिनिटं शिल्लक आहेत. हे पत्र तू उठल्यावरच द्यायला सांगितलंय, त्याआधी नाही.

लोभ तर आहेच. भरवसाही आहे, तुझ्यावर आणि त्या दोघांवरही.

तुझा,
दादा