गाण्याआधीचं बोलणं

दादा,

आपल्या रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड निघतेय आणि कव्हरवर ‘सर्व चाली’च्या पुढे एकट्या तुझंच नाव आहे. तेही मी गिळलं असतं. पण मुलाखतीत तू म्हणालास, "बहीण होती ना, कोरसला." तेव्हा माझं डोकं सणकलं.

कंपनीने जुन्या टेप साफ करायला ज्या स्टुडिओत दिल्या, तिथेच मी कामाला आहे, हे तुला कुठून माहीत असणार? तू कधी विचारलंस?

प्रत्येक टेपवर गाण्याआधी आपली बडबड असते, ती कापायची असते. मी सगळ्या गाण्यांची कापली. ज्या गाण्यावर तू जन्मभर मिरवलास, तेवढ्याची ठेवली. त्यात तुझा आवाज अगदी स्वच्छ आहे: "छोटे, तू काल लावलेली चाल परत म्हण की, माझ्या टाळक्यात शिरत नाहीये." मग मी अख्खं गाणं गुणगुणते. तू म्हणतोस, "हां, आता आलं," आणि ड्रम सुरू होतात.

छापण्याआधी कंपनीने तुला ऐकायला प्रत पाठवली होती. तू न ऐकताच ‘एकदम फक्कड’ असं कळवलंस. तुझी खोड मला ठाऊक होती.

उद्या समारंभात सगळ्यांसमोर रेकॉर्डवर सुई तूच ठेवणार आहेस म्हणे. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकत नाही.

आवाज मोठा ठेव.

तुझी कोरसमधली,
छोटी