ठकीची ओळ

प्रिय वहिनी,

दादा उद्या तुझे लोकरीचे कपडे घेऊन येतोय, त्यांच्या घडीत हे पत्र घातलंय. त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, तिच्याकडे काही मागायचं नाही. आणि तेही बरोबरच आहे. दोनदा लिहिलं आणि फाडलं. पाटी रंगवताना निदान आधी पेन्सिलीने आखून घेता येतं. पत्र कसं आखणार?

सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत असते, पण तुला खोटं लगेच कळतं. आईचे गुडघे तसेच. दुकानात काम बरं आहे. एक पाटी टांगायला मी तीनदा शिडी चढतो म्हणून मालक हसतात. तू मला मास्तर म्हणतेस हे चुकून त्यांना सांगितलं, आता अख्खं दुकान मास्तर म्हणतं. आठवी नापास मास्तर. गॅस बंद केला का ते बघायला मी अजूनही अंथरुणातून उठतो. तू होतीस तेव्हा आतूनच ओरडायचीस, केलाय हो मास्तर, झोपा आता. हल्ली माझं मलाच सांगावं लागतं.

संध्याकाळचं पोथीवाचन चालू आहे. तुला ते वाचून बरं वाटणार नाही, पण लपवत नाही. पूर्वीसारखंच, वयाप्रमाणे, एकेकाने एक ओळ. बाबा, आई, दादा, तुझी जागा गाळतो, मग मी. माझ्यानंतर तुझ्या ठकीचा नंबर.

तिला कुठे वाचता येत होतं? पण नंबर हवाच. एकच ओळ पाठ होती, तीही कुठून उचललेली कोण जाणे. ‘मग सगळे आपापल्या घरी परतले.’ पोथीत पूर येवो, राजाचं सगळं सैन्य मरून पडो, ठकी पानावर बोट ठेवून ठणकावून सांगणार, मग सगळे आपापल्या घरी परतले. बाबा हसून हसून चष्मा काढायचे. म्हणायचे, चला, देवाला जमलं नाही ते आमच्या ठकीने केलं, सगळ्यांना सुखरूप पोचवलं. तू तिला लटकंच रागवायचीस आणि तोंड फिरवून हसायचीस. मला दिसायचं ते.

तापाने ती गेली, त्यानंतरच्या पहिल्या वाचनाला माझी ओळ संपली आणि पुढे कोणी बोललंच नाही. बाबांनी पोथी मिटली. तुझ्याकडे बघून म्हणाले, “त्याची इच्छा, सूनबाई. आपण मान तुकवायची.” तू उठलीस. आदळआपट नाही, रडणं नाही. दाराशी जाऊन म्हणालीस, “अशी इच्छा करणाऱ्याच्या घरात मला नाही राहायचं, बाबा.” दुसऱ्या दिवशी माहेरी गेलीस.

तेव्हा मला तुझा राग आला होता. आता नाही येत. ब्रश हातात असला की डोकं रिकामं असतं, त्यात नको ते विचार येतात. पोथीतल्या भल्या माणसांना शेवटी सगळं परत मिळतं. मी बाबांना विचारलं, ज्यांना मिळत नाही त्यांचं पुढे काय होतं, ते कुठल्या पानावर आहे? पूर्वी त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. या वेळी त्यांनी पोथी बराच वेळ चाळली, खरंच शोधत असल्यासारखी. मग म्हणाले, नाही रे सापडत.

माझी ओळ मी मुद्दाम सावकाश वाचतो. ती संपली की तिची जागा येते ना. सगळे थांबतात. मग बाबा पुढे वाचायचे. थंडी सुरू झाली तेव्हा एकदा त्या जागेवर बाबांनीच तोंड उघडलं. ‘मग सगळे’ एवढंच म्हणाले आणि आवाज फाटला. पुढे नुसती हवा. आई रडायला लागली, दादा उठून बाहेर गेला. त्या दिवशी बाबांचा आवाज बसला तो बसलाच. आम्हाला वाटलं, दुःखाने बसला. रडणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे कोण नेतं? आई मिठाच्या गुळण्या द्यायची. त्यांना एकटं वाटू नये म्हणून आम्हीही हळू बोलायला लागलो. घरभर कुजबुज.

वहिनी, ते दुःख नव्हतं. म्हणजे होतंच, पण त्याच्या आड गळ्यात गाठ वाढत होती. सोमवारी ऑपरेशन आहे. जीव वाचेल म्हणतात, आवाज मात्र कायमचा जाणार. हॉस्पिटलात आम्ही बसलो होतो तिथे समोर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, मीच रंगवलेली. बाबांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि कुजबुजले, बघ, बाप तुझं किती ऐकतो. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ मान वर करता आली नाही.

मी त्यांना म्हटलं, वहिनीला काही सांगायचं असेल तर लिहून द्या, मी पोचवतो. त्यांनी नाही म्हटलं. “तोंडाने बोललोय. परत घ्यायचं तेही तोंडानेच.” म्हणून हे पत्र. राहायला ये म्हणत नाही. माफ कर हेही माझ्याने म्हणवत नाही. सोमवारच्या आधी दारापर्यंत ये, नाहीतर दादाच्या फोनवर नुसतं ऐक, तू काही बोलू नकोस. सकाळी स्वयंपाकघरात बाबा एकटेच सराव करत होते. ‘सूनबाई’ नीट उमटतं, पुढे मोडतं. मग पाण्याचा घोट घेतात आणि परत सूनबाईपासून सुरू करतात. बाकी दिवसभर आता कोणाशी बोलत नाहीत. वाचनातही कालपासून त्यांची जागा गाळतो. उरलाय तेवढा आवाज ते तुझ्यासाठी राखून ठेवतायत.

तुझाच,
मास्तर