लोकांचं कापड

प्रिय सुमन,

तुझी शिवणाची खोली रिकामी झाली. हे तुला मीच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलोय. आक्का देवळात गेलीय, तासभर तरी मला कुणी हाक मारणार नाही.

आपली अश्विनी येतेय. सातवा सरला तिला. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हे तूच तिच्या लग्नात विहीणबाईंना बजावून ठेवलं होतंस, आठवतं? आता तू नाहीस, तर शिनोलीहून माझी आक्का आलीय. सव्वा महिना होईस्तोवर हलत नाही म्हणते. सगळं जमलं होतं, फक्त पोरीला निजवायचं कुठं ते जमत नव्हतं. मोरीला लागून असलेली, उजेडाची खोली आपल्या घरात एकच, आणि ती तुझी. पावणेदोन वर्षं मी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता.

कारणं माझ्याकडं रग्गड होती. आधी म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. ते झालं तर कांदा काढायला आला. मग पितरपाठ लागला, त्यात कुणी घर उपसतं का? मग दिवाळी, मग माझी पाठ. अश्विनीनं फोनवर विचारलं की म्हणायचो, "अगं, ती लोकांची कापडं आहेत. कुणाचं कुणाला गेलं तर बोलणी मी खायची." हे कारण मला सगळ्यांत आवडायचं, कारण त्यात मी मोठा जबाबदार माणूस दिसायचो.

तू म्हणायचीस ना, "डेरीत लई टापटीप, आन् घरात चष्मा सापडत न्हाई." तीस वर्षं मी कळंबच्या दुधाचं फॅट काढलं, एकाच्या नमुन्याची बाटली दुसऱ्याच्या खणात गेली नाही. पण तुझ्या सत्तेचाळीस पिशव्या मला आवरत नव्हत्या.

गेल्या रविवारी पोरीला म्हटलं, स्वयंपाकघरात खाट टाकतो, चालेल ना? ती म्हणाली, "आण्णा, राहू द्या. मी सासूबाईंना सांगते, इथंच होऊ दे बाळंतपण. तुमच्या घरात आईला जागा आहे, मला नाही." रडली असती तरी चाललं असतं. तिनं नीट, सावकाश बोलून फोन ठेवला. मी आक्कावर उगाचच खेकसलो.

आक्कानं खुंटीवरची किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि शेजारच्या शालन वहिनींना हाक मारली. त्या आल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या.

"भाऊजी, रागावणार नसाल तर बोलू का?"

"बोला."

"माझा मापाचा ब्लाऊज हितं आहे. सुमनकडं शिवायला टाकताना दिला व्हता. दुसरीकडं टाकायचं तर मापच न्हाई. पावणेदोन वर्षं ढगळं घालून फिरते मी."

"मग मागायचा नाही का?"

"कसं मागायचं? तुमी दाराला कुलूप लावलेलं. बायका म्हणत्यात, भाऊ अजून सावरले न्हाईत, त्यांच्याकडं ब्लाऊज कुठं मागायचा."

मला वाटायचं, मी त्यांची ठेव जपतोय. त्यांना वाटायचं, त्या माझं मन जपतायत. आणि अर्ध्या गावच्या बायका दोन लग्नसराया सैल बाह्यांनी मिरवत होत्या. तू असतीस तर हसून हसून मशीनवर डोकं टेकलं असतंस.

खरं कारण मात्र मी शालन वहिनींनाही सांगितलं नाही. ते तुला ठाऊक आहे. दवाखान्यात तू म्हणालीस, "आवं, लोकांचं कापड देऊन टाका. माझ्यानं आता व्हायचं न्हाई." आणि मी तुझ्यावर ओरडलो. "कशाला देऊ? चार दिवसांनी घरी यायचंय तुला, तूच शीव." तू तीनदा सांगितलंस, सुमन. तिसऱ्यांदा तर मी उठून चहाला गेलो. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सगळं स्पष्ट सांगितलं होतं, तरी. कापड परत करायचं म्हणजे तू जाणार हे मीच गावभर सांगत हिंडायचं. माझी छाती झाली नाही. तू लोकांच्या कापडाचा घोर घेऊन गेलीस, तो मी लावला. माफ कर मला.

सोमवारी सकाळी सुरुवात केली. पिशव्यांतल्या चिठ्ठ्या काढल्या आणि कपाळाला हात लावला. अगं, नावं का नाही लिहिलीस? "हसरी." "लाल गेट." "शेळीवाली धाकटी." "गळा लहान, तोंड मोठं." हे मी कुणाच्या दारात जाऊन विचारायचं? शेवटी आक्का आणि शालन वहिनी खोलीत फतकल मारून बसल्या. एकेक चिठ्ठी वाचायच्या, ओळखायच्या आणि डोळे पुसत हसायच्या. या घरात इतकं हसणं मी तू गेल्यापासून ऐकलं नव्हतं. आधी मला राग आला, मग मीही हसलो.

तुझंही थोडं चुकलंच बरं का. तीन पोती चिंध्या कशासाठी साठवल्या होत्यास? "लागतात" म्हणायचीस. एकदाही लागल्या नाहीत. गादीवाल्याला देऊन टाकल्या.

मग रोज सकाळी गाडीच्या हँडलला पिशव्या अडकवून मी निघायचो. "लाल गेट"नं गेटला आता निळा रंग दिलाय. "शेळीवाली धाकटी"चा ब्लाऊज तिच्या हळदीसाठी होता. तिला आता पोरगं झालंय, ब्लाऊज अंगाला येणार नाही, तरी तिनं कापड घेऊन छातीशी धरलं. "तोंड मोठं" हिला मी चिठ्ठी लपवून पिशवी देत होतो, तर तिनं ती हिसकावून वाचली. म्हणाली, "बरोबर लिव्हलंय तिनं." आणि उभ्या उभ्या रडायला लागली. मला चहा पाजल्याशिवाय एकीनंही सोडलं नाही.

शेवटी राहिला शालन वहिनींचा शिवायला टाकलेला ब्लाऊज. तो मशीनवरच होता, एक बाही लावलेली, दुसरी सुईखाली. मी म्हटलं, हा एवढा राहू द्या. शालन वहिनी म्हणाल्या, "द्या भाऊजी. एक बाही तिच्या हातची, एक दुसरीच्या. मी घालीन." सुईखालचं कापड सोडवायचं कसं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं तुझ्या मशीनचा आवाज ऐकला, पण जवळ येऊन कधी पाहिलं नाही. आक्कानं दाखवलं. धागा मी तोडला. तेव्हा मात्र रडलो, दोघींच्या देखत, मोठ्यानं.

अजून सगळं उरकलेलं नाही. मशीन पडवीत आहे, त्याचं काय करायचं ते ठरत नाही. बटणांचे डबेही तसेच आहेत. अस्तराचे मऊ तुकडे आक्कानं बाळाच्या दुपट्यांसाठी काढून घेतलेत. खोलीला चुना मारला, खाट लावली. खिडकीतून किती ऊन येतं तिथं, मला माहीतच नव्हतं.

सकाळी अश्विनीला फोन केला. "खोली झाली," म्हटलं.

"सगळं दिलंत, आण्णा?"

"सगळं. आईनं सांगितलं होतं."

"कधी?"

मग मी तिला दवाखान्यातलं सांगितलं. चहाला उठून गेलो तेही. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. ती म्हणाली, "आधी गुरुवारी यायचं ठरलं होतं ना, मी बुधवारीच येते."

तर सुमन, तुला एक शब्द देतो. अश्विनी इथं असेल तेव्हा मला जे सांगेल, ते मला आवडो न आवडो, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. मी उठून चहाला जाणार नाही.

तुझा,
दत्तात्रय