बादलीत बारा थेंब

४ जानेवारी, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून या घरात फिनेल बंद. निर्णय पक्का. काल तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हींचं म्हणणं एकच, वनस्पतींची तेलं जंतू मारतात. झाडं इतकी वर्षं जगली ती काय फिनेलच्या जिवावर?
वेळही योग्य आहे. माझे सासरे रावसाहेब, वय ब्याऐंशी, यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन वीस तारखेला. चोवीसला ते आमच्याकडे बिबवेवाडीला येणार, कारण आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे आणि मेव्हण्याच्या नाही. डॉक्टरांनी बजावलंय, जखमेत इन्फेक्शन होता कामा नये. आनंदीला सांगितलं, घर निर्जंतुक करण्याची जबाबदारी माझी, तू फक्त तुझ्या वडिलांकडे बघ. ती काही बोलली नाही. म्हणजे बायकोची संमती आहे.

६ जानेवारी, सोमवार
रविवार पेठेतून चार तेलं आणली. निलगिरी, लवंग, गवती चहा, ओवा. दुकानदाराने विचारलं, मालिशला हवंय का. म्हणालो, नाही, जंतू मारायचेत. म्हणाला, किती आहेत?
या शहरात गिऱ्हाइकाशी कुणी गांभीर्याने बोलत नाही.

७ जानेवारी, मंगळवार. दुपारी
फॉर्म्युला तयार. फरशीसाठी बादलीभर पाण्यात ओव्याच्या तेलाचे बारा थेंब. ओट्यासाठी स्प्रे बाटली, तिच्यात तुळशीचा गार काढा आणि चारही तेलांचे दोन-दोन थेंब. काढा ही माझी भर. व्हिडिओत नव्हती.
आमच्याकडे नऊ वर्षं फरशी पुसणाऱ्या तुळजाबाईंनी बादलीत वाकून पाहिलं. म्हणाल्या, काका, तेल वर तरंगतंय, खाली नुसतं पाणीच हाय. मी म्हणालो, ढवळा. त्यांनी ढवळलं. तेल परत वर आलं. म्हणाल्या, आता ढवळत बसू का फरशी पुसू?
मोठ्या कामाला सुरुवातीला विरोध होतोच.

९ जानेवारी, गुरुवार
जेवणाच्या टेबलावर लवंगेचं तेल चोळलं. पाणी न घालता, पूर्ण ताकदीने. ताटाएवढ्या भागाचं पॉलिश निघालं. आतपर्यंत स्वच्छ झालं असणार. तूर्त वर टेबलक्लॉथ घातलाय.
संध्या. ७.०० - आनंदीने टेबलक्लॉथ उचलला. म्हणाली, अहो, यात जंतू नक्की कुठे होते? घराला दाताच्या दवाखान्याचा वास येतोय. मला आवडतो.

११ जानेवारी, शनिवार
सलोनीने तोंड घातलं. लेक आपलीच, पण खराडीला एका लॅबमध्ये खाद्यपदार्थांतले जंतू तपासते, त्यामुळे तिला वाटतं जंतू तिचेच. म्हणाली, बाबा, ओव्याच्या तेलात जंतू मारणारा घटक आहे, खरंच आहे, पण... पुढचं फार टेक्निकल होतं. प्रमाण, पाण्यात न विरघळणं, किती मिनिटं ओलं राहायला हवं वगैरे. मूळ मुद्दा तिने मान्य केला हे महत्त्वाचं.
स्वयंपाकघराची अर्धी फरशी तिने फिनेलने पुसली, अर्धी मी माझ्या पाण्याने. दोन्हीकडून कापसाच्या काडीने नमुने घेतले. स्प्रे बाटलीतलंही पाणी घेतलं. लॅबमध्ये काचेच्या ताटल्यांत जंतू वाढतात का ते बघणार. खुशाल बघ म्हणालो. सत्याला कसली भीती?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
सलोनीने ताटल्यांचे फोटो दाखवले. फिनेलच्या फरशीची ताटली जवळजवळ कोरी. माझ्या फरशीची ठिपक्यांनी भरलेली. सगळ्यात वाईट स्प्रे बाटली. ताटलीत कुठे मोकळी जागाच नाही. सलोनी म्हणाली, बाबा, चार दिवसांचा काढा म्हणजे जंतूंना पंगत आहे, आणि तू तो रोज ओट्यावर मारतोयस.
पण! एका ताटलीत तिने ओव्याचं निव्वळ तेल एक थेंब टाकलं होतं. त्याभोवती स्वच्छ गोल! एकही जंतू नाही! मी हाच फोटो मोठा करून पाहत बसलो. म्हणजे तेल बरोबर, मात्रा कमी पडली. सलोनी म्हणाली, तेवढं तेल फरशीवर ओतणार आहेस का? तिने उपरोधाने विचारलं असलं तरी दिशा योग्य आहे.
आनंदीने तिळगूळ दिला. पुढचं गोड बोला म्हणाली नाही. स्प्रे बाटली मात्र फेकून दिली.

१७ जानेवारी, शुक्रवार
नवी मात्रा: बादलीत अर्धी बाटली. फरशी अशी चमकते की पंखा दिसतो. तुळजाबाई म्हणाल्या, काका, पाय सटकतोय, मी न्हाई पुसणार. चमकेची सवय नाही, दुसरं काय. मीच पुसतो. कंबर दुखतेय.

२० जानेवारी, सोमवार
ऑपरेशन व्यवस्थित झालं. आनंदी हॉस्पिटलमध्येच आहे. मी घरी दोनदा पुसलं.

२३ जानेवारी, गुरुवार. सकाळी ९.००
उद्या रावसाहेब येणार. आनंदी रात्रभर तिकडे बसून घरी आली आणि दारातच घसरली. भिंतीला धरून सावरली. मग रडायलाच लागली. म्हणाली, अहो, बाबा वॉकर घेऊन यावरून चालणार? मी त्यांना भावाकडे नेते, तीन जिने उचलून नेऊ आम्ही. तीस वर्षांत इतकं लागेल असं ती कधी बोलली नव्हती.
सिद्ध करून दाखवणं भाग आहे. भाड्याने आणलेला वॉकर कोपऱ्यात आहे. त्यांच्यासारखंच सावकाश चालून दाखवतो.

२५ जानेवारी, शनिवार
डाव्या हाताने लिहितोय. तीन पावलं नीट चाललो, याची कुणी नोंद घेतली नाही. चौथ्याला वॉकर पुढे गेला. उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटल तेच, मजला खालचा. रावसाहेबांना घरी सोडण्याचे कागद आणि माझ्या प्लास्टरचे कागद आनंदीने एकाच पिशवीत घातले.
तोवर सलोनी आणि तुळजाबाईंनी गरम पाणी आणि साबणाने सगळं घर तीनदा घासलं. नंतर फिनेल. मी विरोध केला नाही. हात दुखत होता.

२ फेब्रुवारी, रविवार
रावसाहेबांची जखम कोरडी. वॉकरने दिवाणखान्यात चार फेऱ्या मारतात. भेटायला येणारे आधी माझ्याकडे येतात, मग पेशंट कोण ते विचारतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०.३०
आनंदी बाजारात. प्लास्टर तपासायला जायचं होतं आणि मला एका हाताने शर्टाची बटणं लागेनात. रावसाहेब समोर बसून बघत होते. राहवेना, म्हणून बोललो, तो वॉकर तुमच्यासाठी होता, फरशीही तुमच्यासाठीच पुसली होती. ते म्हणाले, माधवराव, मला आनंदीने सगळं सांगितलंय. मी म्हणालो, तुम्ही पडला असतात. म्हणाले, हो. आणि तुम्ही उठलात, मी उठलो नसतो.
व्हिडिओत यावर काही नव्हतं.
मग ते उठले. वॉकर धरून सहा पावलं चालत आले, वॉकर पलंगाला टेकवला, माझ्या शेजारी बसले. म्हणाले, मान वर करा.
जमेल मला, म्हणालो.
पाचही बटणं त्यांनी लावली. गळ्याजवळचंसुद्धा.